करार कोणाचा, कंत्राटी कोण?

पद्मनाभपुरात कुणाचा मुलगा कामाला लागला की घरच्यांना दोन प्रश्न विचारले जातात. कुठे लागला? आणि रेग्युलर की ठेक्यात? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ठाऊकच असतं. दुर्ग आणि भिलाई एकमेकांत मिसळतात त्या पट्ट्यातली आमची वस्ती. इथला माणूस भिलाई इस्पात संयंत्रात असतो, नाहीतर त्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या एखाद्या कारखान्यात. लोक कान देऊन ऐकतात ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. लग्नाची बोलणी, बँकेचं कर्ज, आईच्या ऑपरेशनचा खर्च, किराणा दुकानातली उधारी, सगळं त्याच्यावर ठरतं.

या उत्तरासाठी आमच्याकडे चार शब्द आहेत. मजूर म्हणतो ठेका. आयटीआय झालेला मुलगा म्हणतो कॉन्ट्रॅक्ट. राज्य शासनाच्या एखाद्या कार्यालयात लागलेली मुलगी म्हणते संविदा. आणि इथली मराठी घरं नागपूर-अमरावतीकडच्या नातेवाइकांना फोनवर सांगतात, कंत्राटी आहे. चारही शब्द धंद्यातल्या एकाच रोजच्या इंग्रजी शब्दाकडे बोट दाखवतात. मी बरीच वर्षं एका कार्यालयाच्या राजभाषा विभागात इंग्रजी कागदांचं हिंदी केलं. टेंडर, वर्क ऑर्डर, अटी-शर्ती यांच्या गठ्ठ्यांतून हा शब्द दिवसातून वीसदा हाताखालून जाई. पर्याय शोधणं हे माझं काम होतं. अर्थाचा विचार करायला लागणारा निवांतपणा निवृत्तीने दिला. त्या निवांतपणात एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. ज्या माणसाला आपण कंत्राटी म्हणतो, त्याने करार कुणाशी केलेला असतो? आणि केलेलाच नसेल, तर ज्यांच्यासाठी तो राबतो ते त्याचं काही देणं लागतात की नाही?

आधी शब्दांची कुळं पाहू. कॉन्ट्रॅक्ट हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ एकत्र ओढणं. दोन माणसं दोन टोकांना उभी आहेत आणि एक दोरी त्यांना जवळ आणते आहे, असं चित्र त्यात आहे. आपला करार अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ स्थैर्य, ठामपणा, मनाचा ठाव. हा ठाव ज्याला नाही तो बेकरार. जुन्या मराठी दप्तरांत कौल आणि करार जोडीने येतात. पडीत जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकारने दिलेला भरवसा म्हणजे कौल. संविदा संस्कृत आहे, आणि तिच्या मुळाशी एकत्र जाणणं आहे. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत कामाचं वेतन न देणं आणि संविदेचा भंग ही दोन पदं लागोपाठ येतात. ज्या ग्रंथाने माणसामाणसांत इतक्या भिंती घातल्या, त्यालाही मजुरी बुडवणं आणि शब्द मोडणं शेजारी ठेवावंसं वाटलं, ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे.

ठेका आणि मक्ता यांचं कूळ वेगळं. इथे चित्र दोघांचं नाही, तिघांचं आहे. काम देणारा एक, ते अंगावर घेणारा दुसरा, आणि प्रत्यक्ष करणारा तिसरा. ‘तू काय सगळ्या जगाचा मक्ता घेतलायस?’ असं आपण वैतागून विचारतो तेव्हा मधल्या माणसाविषयीचा जुना अनुभवच बोलत असतो. मोनॉपलीला मराठीने मक्तेदारी म्हटलं, तेही उगाच नाही.

मराठीने इथे एक शहाणपण दाखवलं आहे. इंग्रजीत दोन्ही कुळांना एकच शब्द. मराठीने त्यांची वाटणी केली. दोघांतला समझोता तो करार, आणि बाहेर काढून दिलेलं काम ते कंत्राट. लग्न हा एक करार आहे असं कुणी म्हटलं तर आपण वाद घालू, पण वाक्य कळेल. लग्नाचं कंत्राट म्हटलं की मंडपवाला आणि आचारी डोळ्यांपुढे येतात. म्हणून ‘कॉन्ट्रॅक्ट लेबर’ ऐकताना जो गोंधळ होऊ शकतो तो ‘कंत्राटी कामगार’ ऐकताना व्हायला नको. इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटेल, या कामगाराने काही करार केला आहे. मराठी शब्द स्पष्ट सांगतो की कुणीतरी कुणालातरी काम दिलं आहे आणि त्या कामासोबत हा माणूसही गेला आहे.

करार या कल्पनेवर राग धरण्याचं मात्र कारण नाही. एके काळी तिने माणसाला मोकळं केलं होतं. हेन्री मेन या इंग्रज कायदेपंडिताने १८६१ साली ‘एन्शन्ट लॉ’ या ग्रंथात म्हटलं, की प्रगत समाजांची वाटचाल जन्माने मिळालेल्या स्थानाकडून कराराकडे झाली. पुढच्याच वर्षी तो व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य म्हणून भारतात आला. त्याच्या काळात भारतीय करार कायद्याच्या मसुद्यावर काम झालं आणि कायदा १८७२ साली आला. मेनच्या म्हणण्याचा अर्थ मराठी वाचकाला समजवायला बलुतेदारी पुरेशी आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ सालच्या ‘गावगाडा’त तिचं तपशीलवार वर्णन केलं आहे. कुणी कोणतं काम करायचं हे जातीने ठरलेलं. मोबदला ठरलेला, पण मागायचा गावाच्या मर्जीने. नको म्हणायची सोय नाही. त्या जगातल्या माणसाला ‘तुझं काम, तुझी किंमत, तुझी सही’ असं कुणी म्हणणं ही केवढी मोठी गोष्ट असेल!

भिलाईने ती गोष्ट प्रत्यक्षात करून दाखवली होती. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं आली. तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, उडिया, मराठी, आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं राहिलं ते छत्तीसगढी. ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्याला सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये कोण राहणार हे जात न विचारता ठरू लागलं. रेग्युलर या शब्दाला आमच्याकडे जो मान आहे तो केवळ पगाराचा नाही. नेमणुकीच्या त्या कागदाने माणसाचं जुनं ओझं उतरवलं होतं, त्याचा तो मान आहे.

पण कराराची दुसरी बाजूही याच देशात, त्याच काळात लिहिली गेली. १८५९ साली ब्रिटिश सरकारने असा कायदा केला होता, की आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या मजुराला कैद होऊ शकत होती. साहेबाने करार मोडला तर दिवाणी दावा, मजुराने मोडला तर तुरुंग. समुद्रापलीकडच्या मळ्यांवर गेलेल्या लाखोंना तर कराराचंच नाव चिकटलं. अ‍ॅग्रिमेंटचं झालं गिरमिट, आणि अंगठा उठवणारा झाला गिरमिटिया. छत्तीसगढमधून आसामच्या चहामळ्यांवर गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे आहेत. परदेशी जाणारी गिरमिटियांची भरती १९१७ साली थांबली. पण एक चाल तेव्हा पडली ती पडलीच. कागदावरच्या एका व्यवहाराचं नाव त्या कागदात सापडलेल्या माणसाला द्यायचं. नाम होतं त्याचं विशेषण करायचं. गिरमिटिया, ठेका मजदूर, संविदाकर्मी, कंत्राटी.

विशेषण झालं की काय होतं? भिलाईपासून ८०-९० किलोमीटरवर दल्ली राजहरा आहे. संयंत्राला लागणारं लोहखनिज पिढ्यान् पिढ्या तिथून आलं. १९७७ साली तिथल्या खाणींत दोन प्रकारचे मजूर होते, विभागीय आणि ठेक्याचे. त्या वर्षीच्या बोनसच्या समझोत्यात विभागीय कामगारांना ३०८ रुपये आणि ठेक्याच्या मजुरांना ७० रुपये ठरले. ठेक्याचे मजूर त्या समझोत्यातून बाहेर पडले, त्यांनी आपली वेगळी संघटना बांधली, आणि शंकर गुहा नियोगींना बोलावून आणलं. नियोगी स्वतः पूर्वी भिलाईच्या कारखान्यात कामगार होते आणि आणीबाणीतल्या तुरुंगातून नुकतेच सुटले होते. या मजुरांच्या मागण्या काय होत्या ते पाहा. काम मागायला आलो आणि मालकाने काम दिलं नाही, तर त्या दिवसाची काही मजुरी मिळावी. आणि पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्लीसाठी १०० रुपये मिळावेत. २ आणि ३ जूनला तिथे पोलिसांचा गोळीबार झाला. ११ जण मारले गेले.

मला या मागण्यांत करार या शब्दाचा अर्थ दिसतो. माझा दिवस मी तुमच्यासाठी राखून ठेवला, म्हणजे तुम्हीही काही राखून ठेवायला हवं. मी दरवर्षी तुमच्याच डोंगराखाली पावसात राहतो, म्हणजे माझं छप्पर हा तुमच्या खर्चाचा भाग आहे. दोरीची दोन टोकं असतात, एवढंच ते सांगत होते. त्यांना उत्तर मिळत होतं की आमची दोरी ठेकेदाराशी बांधलेली आहे.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकायला हवं. आमच्या गल्लीत एक तरुण ठेकेदार राहतो. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, मला काकाजी म्हणतो. चाळीसेक माणसं त्याच्याकडे आहेत, साफसफाई आणि किरकोळ देखभालीची कामं घेतो. एका संध्याकाळी माझं हे सगळं पुराण ऐकून तो म्हणाला, “काकाजी, मी कोणाले घरून उचलून नाही आणलं जी. सकाळी येऊन तेच म्हणतात, सेठ, काम द्या. टेंडर सगळ्यात कमी रेटवाल्याले भेटते. मी दोन पैसे जास्त लावले तर काम दुसऱ्याकडे जाते, अन् माझी चाळीस माणसं घरी बसतात. मंग सांगा, त्यात माझं काय चुकलं?”

त्याचं म्हणणं मी हलकं लेखत नाही. त्यात तीन वेगवेगळी विधानं आहेत आणि तिन्ही वजनदार आहेत. लोक आपणहून येतात. काम नसण्यापेक्षा हे काम बरं. आणि दर तो ठरवत नाही, त्याच्या वरचा ठरवतो. शिवाय काही कामं खरंच काही दिवसांचीच असतात. भट्टीची मोठी दुरुस्ती वर्षभर चालत नाही. तेवढ्यासाठी बाहेरून माणसं आणणं यात पाप काही नाही.

आपणहून येणं म्हणजे मात्र काय, याचा विचार कायदा करणाऱ्यांनीही केला होता. १८७२ चा करार कायदा म्हणतो की संमती मोकळी हवी. धाक, फसवणूक यांच्या जोडीला त्याने आणखी एक गोष्ट ठेवली आहे. एक पक्ष दुसऱ्याच्या मनावर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि त्या स्थितीचा गैरफायदा घेत असेल, तर ती संमती मोकळी नव्हे. डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात हाच धागा पुढे नेला. बेकार माणसाला विचारा, असं ते म्हणतात. एका हाताला नोकरी आहे, पण तासांना मर्यादा नाही, संघटना करायची नाही, मोकळं बोलायचं नाही. दुसऱ्या हाताला हक्क आहेत, पण उपास आहे. तो काय निवडेल याविषयी शंका आहे का? अशा वेळी सरकारने दूर राहणं याला स्वातंत्र्य म्हणायचं, तर ते मालकाच्या हुकूमशाहीचं दुसरं नाव ठरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९८२ च्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं, की वेठ केवळ काठीने लादली जात नाही. भूक आणि गरिबी दुसरा रस्ता ठेवत नाही तेव्हा तीही सक्तीच असते. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे संविधानाच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठ, असा तो निकाल आहे. न्यायमूर्ती पी. एन. भगवतींनी तो दिला.

म्हणजे ‘काम नसण्यापेक्षा हे बरं’ हे विधान खरं असूनही पुरेसं नाही. तहानलेल्याला दहा पट भावाने पाणी विकणाराही हेच म्हणू शकतो. तहानलेला पैसे देईल, आपणहून देईल. तेवढ्याने तो भाव न्याय्य होत नाही.

तरुण ठेकेदाराचं तिसरं विधान मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते खरं आहे आणि ते त्याच्या वर बोट दाखवतं. १९७० साली संसदेने ठेक्याच्या मजुरांसाठी कायदा केला. त्याच्या इंग्रजी नावात नियमनाबरोबर ‘अ‍ॅबॉलिशन’ होतं, आणि अधिकृत हिंदी नावात त्यासाठी ‘उत्सादन’ असा भारदस्त शब्द आहे. तो पहिल्यांदा टंकताना मला शब्दकोश उघडावा लागला होता. या कायद्याने एक नवी व्यक्ती जन्माला घातली, प्रिन्सिपल एम्प्लॉयर, म्हणजे मुख्य नियोक्ता. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य नियोक्त्याने द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. १९७१ च्या केंद्रीय नियमांत तर असंही आहे, की ठेक्याचा मजूर मुख्य नियोक्त्याच्या कामगारासारखंच काम करत असेल तर मजुरीही तीच हवी. सही नसली तरी देणं असतं, हे कायद्याने कबूल केलं होतं.

मग प्रश्न आला, बंदी घातलेल्या ठिकाणच्या मजुरांचं काय? १९९६ साली एअर इंडियासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ते मुख्य नियोक्त्याचे कामगार होतील. ३० ऑगस्ट २००१ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला. ठेका बंद झाला म्हणून मजूर आपोआप कायम होत नाही. ठेका निव्वळ दिखाऊ होता हे सिद्ध करावं लागेल. या खटल्यातली कंपनी स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे आमच्या संयंत्राचीच मालक कंपनी. ठेका संपवला की मजूरही संपतो, असा या निकालाचा व्यवहारातला अर्थ झाला. मग कोणता मजूर ठेका संपवण्याची मागणी करील? १९७० चा कायदा ज्यात विलीन झाला ती संहिता २०२० साली संसदेने संमत केली. तिच्या नावात ‘उत्सादन’ उरलेलं नाही, आणि तिच्यातल्या ठेक्याच्या मजुरांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी मजुरांची किमान संख्या २० वरून ५० झाली आहे. माझ्या ठेकेदार शेजाऱ्याकडे चाळीसच माणसं आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. मुंबईच्या रस्त्यांवरचा कचरा उचलणाऱ्या माणसांना महापालिकेच्या कागदांवर बरीच वर्षं कामगारही म्हटलं गेलं नाही. ते स्वयंसेवक होते, आणि त्यांना मिळे ते मानधन. मान आणि धन या दोन्ही चांगल्या शब्दांची अशी सांगड घातली, की दोन्हींपैकी एकही पुरेसं द्यावं लागत नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २,७०० सफाई कामगारांना कायम होण्याचा हक्क मिळाला. गावोगावच्या आशाताईंचा मोबदलाही बोलण्यात मानधनच असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी माणसं घेण्याचा निर्णय काढला तेव्हा मुलं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तेव्हाच्या रागात एक गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. सुशिक्षित घरांना कंत्राटी या विशेषणाचा चटका बसला तो आपल्या मुलांना ते चिकटेल असं दिसल्यावर. झाडूवाल्याला ते फार आधीपासून चिकटलेलं होतं.

यावर कुणी म्हणेल, शब्द बदला. मी तीस वर्षं शब्दच बदलले आहेत, म्हणून माझा त्यावर विश्वास बेताचा आहे. मजूरचं श्रमिक झालं, ठेक्याचं संविदा झालं, कचरेवाला स्वयंसेवक झाला. टेंडर बदललं की गेटपासवर नव्या ठेकेदाराचं नाव येतं. माणूस तोच, फाटक तेच, खोरं तेच, पण नोकरी पहिल्या दिवसापासून मोजायची. ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं या हिशोबात भरतच नाहीत. या माणसाला कोणताही सुंदर शब्द दिला तरी त्याच्या वर्षांची बेरीज होत नाही. करारात स्थैर्य आहे असं अरबी म्हणते. इथे दोन मोठ्या पक्षांतला करार स्थिर राहतो आणि त्याखालचा माणूस बेकरार.

तेव्हा शब्दापेक्षा प्रश्न बदलावा असं मला वाटतं. कोणताही करार समोर आला की विचारावं, याच्यामुळे ज्याचं आयुष्य बदलणार आहे तो यात पक्ष आहे की माल? पक्ष असेल तर त्याला नाही म्हणता येतं का, ते पाहावं. माल असेल, तर सही न केलेल्यांविषयीची जबाबदारी सही करणाऱ्या दोघांवर येते, आणि ज्याच्या हातात दर ठरवणं आहे त्याच्यावर जास्त येते. कारण त्याचा फायदा त्या तिसऱ्याच्या श्रमातून निघतो. सही नसणं ही त्याची सुटका होऊ शकत नाही.

दल्ली राजहराच्या मजुरांनी हा विचार उलट्या बाजूने जगून दाखवला. ज्यांच्याविषयी कुणाची जबाबदारी नव्हती त्यांनी स्वतःची वर्गणी आणि श्रमदान घालून एक रुग्णालय उभं केलं. १९७७ च्या मृतांच्या स्मरणार्थ त्याचं नाव शहीद अस्पताल, आणि ते सुरू झालं ३ जून १९८३ ला. तिथे उपचाराला येणाऱ्याला तो संघटनेचा सभासद आहे का असं विचारत नाहीत. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, आदिवासी, ज्यांच्याशी या मजुरांचा कसलाही करार नव्हता, तेही येतात. नियोगींची हत्या २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत झाली. त्या वेळी ते इथल्या खाजगी कारखान्यांतल्या मजुरांना कायम करा, जगण्यापुरता पगार द्या, हेच मागत होते. रुग्णालय आजही चालू आहे.

आमच्या कॉलनीत मागच्या उन्हाळ्यात चौकीदारांची एजन्सी बदलायचं ठरलं. नव्या एजन्सीचं कोटेशन स्वस्त होतं. त्यात लिहिलं होतं, मॅनपॉवर, ४ नग. आमचे चार चौकीदार सहा वर्षांपासून इथे आहेत. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाचं कुत्रं चावतं, सगळं त्यांना ठाऊक. बैठकीत कुणीतरी म्हणालं, त्यांचं ती एजन्सी आणि ते बघून घेतील, आपला काय संबंध? प्रिन्सिपल एम्प्लॉयर हा शब्द मी इतकी वर्षं लिहीत आलो, तो माणूस त्या दिवशी सतरंजीवर चहा पीत बसलेला होता, आणि तो म्हणजे आम्हीच होतो. तरुण ठेकेदारही बैठकीला होता. तोच म्हणाला, “काकाजी, रेट खाली पाडसान तर मार चौकीदारालेच बसन. माझ्याकडे तसंच होते.”

तासभर वाद झाला. ठराव हिंदीत लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन अटी पुढे आल्या होत्या. नव्या एजन्सीने हीच चार माणसं ठेवावीत आणि पगार बँकेत जमा करावा, ही पहिली मंजूर झाली. आठवड्याची सुट्टी भरपगारी असावी, ही दुसरी. तिच्यासाठी प्रत्येक घरामागे महिन्याला ४० रुपये जास्त पडत होते. ती पुढच्या बैठकीवर गेली. मी ठरावात ‘४ नग’ खोडून चौघांची नावं लिहिली आणि खाली दुसरी अट ‘विचाराधीन’ अशी नोंदवली. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे.